दहा मिनिटांची खिडकी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुला सांगतेय, कारण तू मला ओळखत नाहीस — की नंदाला ओळखत नाहीस म्हणून?

तीन वर्षांपूर्वी मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात माझा पाय मुरगळला आणि घोटा मोडला. दीड महिना प्लास्टर. नवरा आठला ऑफिसला जायचा, आणि मी सगळ्यात वरच्या, चौथ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्चीत. भाचीने फोनवर एक वेबसाइट लावून दिली. जगभरातली माणसं आपापल्या खिडकीतून जे दिसतं ते दहा मिनिटं रेकॉर्ड करून तिथे टाकतात. बस, एवढंच. कुठे बर्फात उभी सायकल, कुठे दोरीवरचे कपडे, कुठे नुसतंच भुंकणारं कुत्रं. मला वेडच लागलं. सकाळचा चहा नॉर्वेत, जेवण तुर्कस्तानात.

मग वाटलं, आपलीही खिडकी द्यावी. डाळीच्या डब्याला फोन टेकवला. समोरचं बदामाचं झाड, आमच्याहून एक मजला बुटकी बी विंग, तिची गच्ची, पाण्याची टाकी. संध्याकाळी रेकॉर्डिंग बघायला बसले. सातव्या मिनिटाला टाकीमागून एक माणूस पुढे सरकला, सावलीत बसला आणि त्याने डबा उघडला.

भास्कर भावोजी. नंदाचा नवरा.

नंदा बी विंगमधली, माझी वीस वर्षांची मैत्रीण. त्या दिवसांत रोज माझ्यासाठी वाटीत काहीतरी घेऊन यायची. आणि वाटीबरोबर भावोजींचं ऑफिस. "ह्यांना श्वास घ्यायला वेळ नाही गं." आणि हे इथे — मंगळवारी भर दुपारी, इन केलेल्या शर्टात, शेजारी बॅग ठेवून. सोसायटीचे सेक्रेटरी तेच, म्हणजे गच्चीची किल्लीही त्यांच्याकडेच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसले. तिसऱ्या दिवशीही, त्याच साडेबाराच्या सुमाराला. नोकरी गेलीय, हे कुणी वेगळं सांगायला हवं होतं का? टाकीची ती बाजू फक्त माझ्याच खिडकीतून दिसते. आठवड्याभरात एकदा त्यांनी वर पाहिलं. घास हातातच राहिला. मग त्यांनी डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून हात जोडले.

मी मान हलवली — नाही सांगणार. त्यांना कळलं. त्यांनी पुन्हा घास उचलला.

इथपर्यंत मी बरी बाई होते ना?

पुढच्या सोमवारी नंदा आली, बरोबर शेजारच्या प्रभाकाकू. मी काकूंना फोनवर पोर्तुगालमधली एक गल्ली दाखवत होते. नंदा हसली. "तू बस अशीच खिडक्या बघत. आमचं यंदा खरंखुरं युरोप हं! ह्यांनी प्रॉमिस केलंय." काकू हसल्या. मीही हसले. महाबळेश्वरच्या पुढे मी कधी गेले नाही, हे नंदाला चांगलं माहीत होतं.

एवढंच. एवढंच बोलली ती. आणि सोमवार ते गुरुवार मी ते वाक्य चघळत राहिले. संतापाच्या भरात झालं म्हणावं, तर संताप तीन दिवस टिकतो का?

गुरुवारी साडेबाराला मी दोघींना बोलावलं. लंगडत पोहे केले. म्हटलं, माझी खिडकी लागलीय साइटवर, टीव्हीवर बघू या. वेळ मीच ठरवली होती. साडेबारा का — हे आता तुला कळलं असेल.

पहिल्या मिनिटाला पोपट आले. तिसऱ्याला नंदा म्हणाली, "अगं, किती झकास दिसते आपली सोसायटी!" चौथ्याला तिने माझ्या पायाखाली उशी सरकवली. रिमोट माझ्या मांडीवर होता. पाचवं मिनिट — अंगठा लाल बटणावर. अजून बंद करता येत होतं. फोन आलाय म्हणता आलं असतं. सहावं मिनिट. मी म्हणाले, "नंदा, जरा पुढे सरक ना, नीट दिसेल."

काकूच आधी बोलल्या. "अय्या, हे भास्करराव ना? या वेळेला गच्चीवर?"

नंदा उठून टीव्हीजवळ गेली. "ती डब्याची पिशवी," ती म्हणाली, "मी शिवलीय."

मग ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेली, खिडकीशी. मीही भिंत धरत मागे गेले. भावोजी तिथेच होते, भाकरी मोडत. त्यांनी वर पाहिलं. आधी तिच्याकडे. मग माझ्याकडे.

"अगं बाई," मी म्हणाले, "मला काही माहीतच नव्हतं गं!"

आठ महिने झाले होते नोकरी जाऊन. संध्याकाळपर्यंत दोन्ही विंगमध्ये बातमी. लोक लिफ्टमध्ये त्यांना बघून गप्प व्हायचे. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, घरी खोटं बोलणाऱ्याकडे सोसायटीच्या किल्ल्या कशाला? त्यांनी तिथेच जुडगा टेबलावर ठेवला. दिवाळीनंतर ते फ्लॅट विकून बदलापूरला गेले.

जायच्या दिवशी नंदाने मला मिठी मारली. "बरं झालं तुझ्यामुळे कळलं. नाहीतर मी मूर्खासारखी युरोपसाठी बॅगा बघत फिरत होते." भावोजी तिच्या मागे खोका घेऊन उभे होते. एक वाक्य पुरलं असतं. ते म्हणाले, "वहिनी, पाय सांभाळा," आणि जिना उतरून गेले.

त्यांनी तिला कधीच सांगितलं नाही. मीही नाही.

नंदाचा दर रविवारी फोन येतो. भावोजी एका नातेवाइकाच्या हार्डवेअरच्या दुकानात जातात आता, रविवारी घरी असतात. मी म्हणते, "भावोजींना नमस्कार सांग." ती तिथूनच ओरडते, "अहो, नमस्कार सांगतेय ही!"

पलीकडे टीव्हीचा आवाज जरा मोठा होतो.