बोर्डावरच्या चौघी

मावशीचा सत्कार व्हावा म्हणून अर्ज मीच केला होता, तिला न विचारता. त्यामुळे चेन्नईत अण्णा नगरच्या सभागृहात तिच्या शेजारी बसल्यावर मी सारखी कार्यक्रमपत्रिका उलगडून बघत होते.

एकाहत्तरच्या युद्धात मावशी पंजाबात, सीमेजवळच्या एका गावात टेलिफोन ऑपरेटर होती. आजोबांची रेल्वेतली बदली तिकडे झाली होती, म्हणून तंजावूरच्या मराठी घरातली ही मुलगी तिथे. लष्कराचे फोनही त्याच एक्स्चेंजमधून जात. मला एवढंच ठाऊक होतं. ती त्यावर कधी बोलत नसे.

कार्यक्रम माजी सैनिकांचा. "सिव्हिलियन आहेत, तरी बघतो काय करता येतं," असं संयोजक फोनवर म्हणाले होते. त्यांनी काय केलं ते पुकारा झाल्यावर कळलं. निवेदिकेनं मावशीची ओळख करून दिली, एका दिवंगत जवानाची पत्नी म्हणून.

मावशीनं लग्नच केलेलं नाही.

मी उठायला गेले. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "बस तू," म्हणाली, आणि काठी टेकत स्वतः मंचावर गेली. एक निवृत्त कर्नल शाल घेऊन उभे होते. तिनं शाल हातानं बाजूला सारली आणि माइक मागितला. संयोजक घाईघाईनं पुढे आले, "अम्मा, वेळ नाही." कर्नलनी त्यांच्या हातून माइक काढून तिला दिला.

"मी कुणाची बायको नव्हे," ती तमिळमध्ये म्हणाली. "मी टेलिफोनच्या बोर्डावर होते. आम्ही चौघी होतो. हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की खंदकात जायचा हुकूम होता. त्या दिवशी भोंगा झाला तेव्हा पुढच्या ठाण्यावरून जखमींसाठी गाड्या मागत होते. लाइन इतकी खराब, की इस्पितळाला त्यांचं ऐकू येईना. मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं, म्हणून मी मधे बसून निरोप सांगत राहिले. बाकीच्या तिघीही उठल्या नाहीत. बॉम्ब शेजारच्या आवारात पडला. खिडकीजवळची आमची मैत्रीण जागीच गेली. तिच्या बोर्डावर फोन आल्याचा दिवा लागलेला होता. मी तो फोन घेतला."

संयोजक खाली बघत होते. कर्नलनी खिशातून पेन काढलं. "चौघींची नावं सांगाल?" तिनं सांगितली, मैत्रिणीचं पहिलं, स्वतःचं शेवटी. त्यांनी ती कार्यक्रमपत्रिकेच्या मागे लिहून घेतली.

वेलचेरीला घरी परतताना टॅक्सीत ती माझ्याकडे वळली. "मज का विचारलं नाहीस?" म्हणाली. "तिचं नाव इतकी वर्षं मी मोठ्यानं घेतलं नव्हतं."

"चुकलं माझं," मी म्हणाले.

आठवड्याभरानं टपालानं प्रशस्तिपत्र आलं, चौघींच्या नावानं. मी वाचून दाखवलं, तर मैत्रिणीच्या नावात चूक होती. मावशीनं मला लगेच संयोजकांना फोन लावायला लावला आणि स्वतः बोलली, "तिचं नीट लिहून पाठवा. तोवर हे मज नको."

तीन आठवड्यांनी नाव नीट लिहिलेलं नवं प्रशस्तिपत्र आलं. तेव्हा कुठे तिनं ते स्वतः वाचायला चष्मा मागितला.