करकोचे सुटले, नव्वद

आमच्या ठेसनावर दिवसातून दोन गाड्या. मधल्या वेळात माणसानं करावं काय? किस्से आपोआप साचतात हो, एक सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा निघतो. मुदखेडहून इस्लापूरकडे जाणाऱ्या लायनीवरचं हे ठेसन. नाव विचारू नका. निजामाचं राज्य संपत आलं होतं, पण आम्हाला तसं कुणी कळवलं नव्हतं.

आम्ही तिघं. मी तारबाबू, रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन लतीफमियाँ आणि गोविंदराव मास्तर. मास्तर म्हणजे मोजणारा माणूस. मालगाडी गेली की डबे मोजायचे, जेवताना भाकरीचे तुकडे मोजायचे.

दसरा झाला की उत्तरेकडून करकोचे यायचे. राखी रंगाचे, लांब मानेचे, उंचावरून ओरडत रांगेनं जाणारे. वरच्या ठेसनाचा तारबाबू मला तार करायचा, "करकोचे सुटले, नव्वद." मग ते आमच्यावरून गेले की मास्तर वेळ टाकून वहीत लिहायचे. गाडीला जे नियम, तेच करकोच्याला.

*

मास्तरांचे मेव्हणे उदगीरला. करकोचे इथून सरळ तिकडंच जातात असं मास्तरांचं ठाम मत. एका साली त्यांनी कार्ड टाकलं, "नव्वद येत आहेत. पोचल्याचं कळवावं."

आठ दिवसांनी उत्तर आलं. "पंच्याऐंशी पोचले. कोवळ्या हरभऱ्यात उतरले. पुढच्या साली पाठवू नयेत."

मास्तरांना दोन दिवस जेवण गेलं न्हाई. पाच गेले कुठं?

*

ज्वारीत दाणा भरला की भोरड्यांचे थवेच्या थवे आमच्या तारांवर बसायचे. शेजारच्या शेताचे मारोतराव पाटील एकदा गोफण घेऊन तणतणत आले.

"मास्तर, तुमच्या तारांवर बसून माझी ज्वारी खाऊन राहिल्यात! काढा त्या तारा!"

मास्तर म्हणाले, "तारा सरकारच्या. भोरड्या आमच्या न्हाईत."

पाटलांनी जरा विचार केला. "मंग बिनतिकीट बसल्यात का न्हाई? उतरवा!"

मास्तरांनी नियमाचं पुस्तक काढलं आणि संध्याकाळपर्यंत चाळत बसले.

*

थंडीच्या तोंडावर एक धोबी पक्षी यायचा. शेपटी हलवत प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, थांबायचा, मान डोलवायचा. काम काही करायचा न्हाई. लतीफमियाँनी त्याचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं होतं.

एका सकाळी लतीफमियाँ बाहेरून ओरडले, "मास्तरसाब, इन्स्पेक्टर आ गए!"

मास्तरांनी वहीतून मान वर केली न्हाई. "फिरू दे. किडे खाईल अन् जाईल."

दारात खरेखुरे इन्स्पेक्टर साहेब उभे! हैदराबादचे. ट्रॉलीवरून आलेले.

 मास्तर उठले, त्यांना बाहेर घेऊन गेले आणि धोबी दाखवला. साहेबांनी तो एक पूर्ण चक्कर मारून येईस्तोवर पाहिला.

"चाल बरोबर है," ते म्हणाले आणि चहा मागितला.

*

आता एक गोष्ट सांगायची राहिली. एवढे करकोचे वहीत लिहिले, पण मास्तरांनी स्वतः एकदाही पाहिले नव्हते!

करकोचे नेमके सकाळच्या पॅसेंजरच्या वेळेला यायचे. मास्तर आत लाइन क्लिअर, म्हणजे पुढची लायन मोकळी असल्याची कबुली, घेण्यात गुंतलेले. आम्ही दोघं तोंड वर करून मोजायचो आणि खिडकीतून आकडा सांगायचो. क्वार्टरच्या दारातून मास्तरांच्या मंडळी, आमच्या वहिनी, विचारायच्या, "पाहिले का हो?"

"गाडी हाय."

"तीस वर्षं उघड्यावर नोकरी केली," वहिनी म्हणायच्या, "आभाळ तेवढं बघायचं राहिलं!"

एका साली मास्तरांनी चक्क रजा काढली. दिवसभर माळावर बसले. करकोचे दुसऱ्या दिवशी आले. पॅसेंजरच्या वेळेला.

*

त्यांचं शेवटचं साल. दिवाळी झाली की रिटायर होऊन लेकाकडं हैदराबादला जायचं. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात उतरायला लागलेला. यंदा न्हाई तर कधीच न्हाई. मास्तर तसं बोलले न्हाईत, पण तारेचं यंत्र वाजलं की चष्मा पुसायचे. मला लई वाईट वाटायचं.

नोकरीचे चार दिवस उरले आणि तार आली. "करकोचे सुटले. मोजता येईनात."

पॅसेंजरही तिकडूनच सुटलेली. गाडी आत घ्यायला लतीफमियाँ सिग्नल पाडायला निघाले.

"राहू दे," मास्तर म्हणाले.

"सिग्नल?"

"राहू दे म्हणलं ना!"

गाडी सिग्नलच्या बाहेर येऊन उभी राहिली आणि शिट्ट्यांवर शिट्ट्या मारायला लागली. मास्तरांनी वहिनींना हाक मारली. दोघं प्लॅटफॉर्मवर शेजारी शेजारी उभे राहिले. करकोचे आले. रांगांमागून रांगा, सगळं आभाळ ओरडून राहिलेलं. मास्तरांची टोपी मागं पडली, त्यांनी उचलली न्हाई. वहिनी त्या दिवशी काही विचारायच्या राहिल्या.

मग मास्तर आत आले, सिग्नल द्यायला सांगितला आणि वहीत लिहिलं, "पॅसेंजर सहा मिनिटं उशिरा. कारण, करकोचे." तीस वर्षांत त्यांच्या हातून झालेला हा पहिला उशीर.

तिसऱ्या दिवशी ट्रॉली हजर. तेच इन्स्पेक्टर साहेब. मी मनात म्हणलं, झालं! जाता जाता म्हाताऱ्याच्या नोकरीवर लाल शेरा.

साहेबांनी वही वाचली. मास्तर खाली मान घालून उभे. साहेबांनी पेन काढलं, "करकोचे" खोडलं, वर "सिग्नलची तार अडकली" असं लिहिलं आणि सही केली. वही मिटून ट्रॉलीत जाऊन बसले.

माणसं ट्रॉली ढकलायला लागली, तसा त्यांनी हात वर केला.

"मास्तर, कितने थे?"

"मोजले न्हाईत, साहेब. पाहिले."