बाबांना आलेला हवाल्याचा संशय

परदेशातून पैसे घरी पोचवणाऱ्या पुण्यातल्या कंपनीत मी लागले, तेव्हा जिंतूरला कापसाचा व्यापार करणाऱ्या बाबांनी विचारलं, "म्हणजे हवालाच की?" कंपनी दोन खोल्यांतून अख्ख्या मजल्यावर गेली, तसा त्यांचा संशय बळावला. "सरळ धंदा इतका भराभर वाढत न्हाई," ते म्हणायचे.

एकदा न सांगता एसटीने आले आणि दिवसभर माझ्या टेबलाशेजारी बसून राहिले. नवऱ्याने दुबईहून पाठवलेले पैसे मिळाले का, हे विचारायला मी वालूरच्या एका बाईंना फोन लावला, तर बाबांनी तो माझ्याकडून घेतला.

"मधी कुणी काही कापलं का, बाई?"

"न्हाई, समदे आले."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "मग तुमचा पगार कुठून निघायलाय?"

पाठवणाऱ्याकडून आम्ही वेगळं शुल्क घेतो, हे मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि निघताना माझ्या साहेबांचं गाव कोणतं ते शिपायाला विचारलं.