दाऊदभाई आणि चाकाचा आउट

माझ्या सायकलची चाकं विणणारे दाऊदभाई मंगळवारी गेले. त्याआधी सलग सात शुक्रवार मी त्यांच्याशी खोटं बोलत होते.

तेव्हापासून घरात नुसती फिरतेय. या खोलीतून त्या खोलीत. नवरा म्हणाला, "बस जरा." नाही बसवत.

ओळख वर्षापूर्वीची. इथे बहरीनला, मनामातल्या एका सायकलच्या दुकानात मी फोनवर आईशी बोलत होते. मागून आवाज आला, "पुण्याची काय गो बाय?"

दाऊदभाई मूळचे दापोलीचे. वडिलांचं तिथं सायकलचं दुकान होतं. इथे एका कंपनीत फिटर, बुसैतीनला खोली, आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने चाकं विणायची. रिम, हब, तारा सुट्या आणायच्या आणि एकेक तार हाताने ओढून बसवायची.

मला रोड बाइकला नवी चाकं हवी होती. कंपनीची तयार कार्बनची घ्यावी की हाताने विणलेली?

मी बँकेत ऑडिटला. त्यात पुण्याची. अर्थातच एक्सेल केलं. वजन, किंमत, वॉरंटी, इथल्या वाऱ्यात उंच रिम किती डगमगेल, सगळे कॉलम. महिनाभर डोकं खाल्लं सगळ्यांचं.

शेवटी ते शीट दाऊदभाईंना दाखवलं. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"तू कंपनीचीच घे."

मी चाट पडले. "तुम्हीच असं म्हणताय?"

"हाताचं चाक एकदा देऊन खलास होत नाय. दोन-तीनशे किलोमीटर झाले की तारा बसतात, थोड्या सैल पडतात. परत आणायला लागतं. आउट काढायला लागतो. तुला टाइम हाय?"

आउट काढणे! चाक डावी-उजवीकडे लचकत असेल तर ते सरळ करणं. शाळेत असताना कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून ऐकलेला शब्द. इतक्या वर्षांनी बहरीनमध्ये तो कानावर पडला आणि माझं एक्सेल तिथेच बाराच्या भावात गेलं.

"तुम्हीच विणा. मी येईन परत."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की."

काय चाकं होती! पहिल्याच राइडला वाटलं, रस्ता कुणीतरी नवा केलाय.

तीनशे किलोमीटर झाले. त्यांचा मेसेज आला. "बाय, शुक्रवारी येतेस ना?"

मी लिहिलं, "इंशाल्ला."

आमच्या ऑफिसात आम्ही देशी लोक हा शब्द 'बघू'सारखा वापरतो. आणि आपलं 'बघू' म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे.

त्या शुक्रवारी पाहुणे. मग क्वार्टर क्लोजिंग. मग नुसताच कंटाळा. सनाबिसच्या आमच्या घरून बुसैतीन गाडीने वीस मिनिटं, तीही जड झाली. दर वेळी त्यांचा तोच मेसेज, माझं तेच उत्तर.

मागचं चाक ब्रेकला घासायला लागलं तेव्हा मी ब्रेक सैल केला आणि चालवत राहिले. याला निगरगट्टपणा म्हणतात.

मंगळवारी ड्युटीला निघताना त्यांना हार्ट अटॅक आला. दफन इथेच झालं. त्यांच्या खोलीत राहणाऱ्या अन्वरने मला फोन करून कळवलं.

बुधवारी मी बुसैतीनला गेले. त्या वीस मिनिटांसाठी बुधवारी वेळ मिळाला.

अन्वर म्हणाला, "तुम्हीच काय त्या सायकलवाल्या ताई? जुम्म्याची नमाज पढून आला की चाकाचा स्टँड मांडून बसायचा. जेवायला चल म्हटलं तर बोलायचा, थांब, ती येणार हाय. इंशाल्ला बोललीय."

मला तोंड वर करता येईना. त्या शब्दाला ते शब्द देणं समजत होते.

"आउट काढायला पाचच मिनिटं लागली असती ना," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"काढून नव्हता देणार. तुम्हाला शिकवणार होता. दोन महिन्यांनी कायमचा दापोलीला जायचा होता ना? बोलायचा, मी गेल्यावर बायचं चाक कोण बघील?"

आणि त्याने तारा पिळायची छोटी चावी माझ्या हातात ठेवली. "तुमच्यासाठी काढून ठेवलेली."

आज शुक्रवार. राइडला गेले नाही. हॉलमध्ये सायकल उलटी टाकली, चावी लावली, अर्धा फेरा दिला.

चाक आणखी वाकडं झालं.

म्हणजे मी उलटं फिरवलं. इतकी साधी गोष्ट. जाऊन विचारायला मला सात शुक्रवार मिळाले होते.

दाऊदभाई, तुम्ही वाट पाहिलीत आणि मी आले नाही.

श्रद्धांजली कुठल्या तोंडाने वाहू? माफ करा.