गयामावशींचा वजीर

दुसऱ्यांचे निबंध तपासण्यात माझी नोकरी संपली. स्वतःचे चार परिच्छेद लिहिण्याचे धाडस साठीनंतर प्रथमच करीत आहे. हा आगाऊपणा वाटल्यास क्षमा असावी. परंतु चुडाव्यात माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या गयामावशींविषयी लिहील, असे दुसरे कोणी मला दिसत नाही.

मावशी ज्याची शुश्रूषा करीत, त्याला आधी शिव्या देत. मी तापाने पडले असता काढ्याचा पेला पुढे करून त्या म्हणाल्या होत्या, "मरायचंच आसंल तर हे पिऊन मरा, बाई." मुलगा ज्ञानोबा, सून आणि नात दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली की घरात त्या आणि वजीर नावाचा तांबडा कुत्रा, दोघेच उरत.

एका हिवाळ्यात वजीरचे नाक-डोळे चिकटू लागले, अन्न सुटले. पूर्णेहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी डिस्टेंपर असल्याचे सांगितले. "यावर नेमकं औषध नाही, मावशी. पोटात पाणी राहील असं बघा, डोळे पुसत राहा, दुसऱ्या कुत्र्यांपासून लांब ठेवा. पुष्कळ कुत्री दगावतात. वाचलाच, तरी झटके जन्मभर राहतील. माणसाला मात्र याची बाधा होत नाही."

"तुमी तुमचं सांगितलं. आता मी अन् हा मुडदा बघून घेतो."

त्या चमच्याने पेज पाजीत, ओल्या फडक्याने डोळे पुशीत आणि अखंड बोलत, "गीळ, भाड्या, गीळ." झटके सुरू झाले तेव्हा गल्लीतली माणसे काठ्या घेऊन आली. कुत्रे पिसाळले आहे, असे शेजारचे माधवराव म्हणाले. मावशी दारात आडव्या बसल्या. "मान हालायली म्हणून मारायचं आसंल, तर आधी तुमच्या म्हाताऱ्याला मारा, माधवराव! त्याची लय दिवसांची हालायली." माणसे हसत परतली.

ज्ञानोबाच्या फोनवर पहिला प्रश्न वजीरचाच असे. मावशींचे उत्तर ठरलेले, "मजेत हाय."

मी हरकत घेतली. त्या म्हणाल्या, "टोळीवरच्या माणसाला घरचं वंगाळ सांगायचं नसतंय, बाई. मुकादम सोडत न्हाई. मग ते नुसतं झुरतंय, अन् कोयता पायावर बसतोय."

वजीर वाचला. जबडा मात्र सारखा कडकडत राही, फेस गळे, मान हिसके खाई. उन्हाळ्याच्या आरंभी टोळीचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी थांबला, तेव्हा मावशी नळावर होत्या. नात आधी उतरली. तिला ओळखून वजीर धावत सुटला. ज्ञानोबाला दिसले ते लेकीच्या अंगावर येणारे पिसाळलेले कुत्रे. कोयता हातातच होता.

"मजेत हाय म्हणलीस की गं, आई!" तो ओरडत राहिला. मावशींनी पदराने वजीरच्या तोंडाचा फेस पुसला. त्यांनी ना त्याला शिवी दिली, ना लेकाला. पुढे कोणालाच दिली नाही.

पुढच्या हिवाळ्यात मावशी तापाने पडल्या. मी दिलेला काढा त्यांनी मुकाट्याने घेतला. तेवढ्यात फोन आला. "आई, खरं सांग, कशी हाईस?" मला बोटाने गप्प बसवून, खोकला आवरून त्या म्हणाल्या, "मजेत हाय."

ट्रक परतला, तेव्हा मावशी नव्हत्या. ज्ञानोबाने दोन्ही वेळा आईचा शब्द खरा मानला. आपणच सांगा, त्याचे काय चुकले?