करडईच्या तेलावर रुसलेली दुनळी

पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास आला की माझी पावले अजूनही जमिनीवर ठरत नाहीत. अर्धापूरकडून आलेला केळ्यांचा ट्रक बसच्या बाजूने गेला, तर मी खिडकीत एकटीच हसू लागते आणि शेजारची बाई पदर सावरून जरा सरकून बसते. तिला काय सांगावे? की मला हा वास बंदुकीचा वाटतो?

बंदूक अण्णांची, माझ्या वडिलांची. लोहा तालुक्यातल्या आमच्या शेतात रानडुकरे उतरतात, भुईमूग उकरतात, ज्वारीत लोळतात. त्यांना पिटाळायला परवान्याची जुनी दुनळी घरात आहे. अण्णा हवेत बार काढतात आणि डुकरे शिस्तीने शेजाऱ्याच्या शेतात जातात. खंडेनवमीला मात्र ही दुनळी नांगराच्या फाळाशेजारी, विळ्या-खुरप्यांच्या रांगेत, पाटावर बसते. हळद, कुंकू, झेंडू. माय तिला करडईचे तेल लावते, देवाच्या समईतले तेच. मग अण्णा तिला बिजागरीतून उघडून रिकाम्या नळ्यांतून समईकडे पाहतात. दोन्हींत ज्योत गोल आणि निखळ दिसली, की वर्ष चांगले जाणार.

निवडणुकीसाठी ठाण्यात जमा केलेली दुनळी पोळ्याच्या सुमारास घरी परत आली. अण्णांनी खटका दाबला, ती उघडेना. पुन्हा दाबला, तिने तोंड मिटूनच ठेवले.

“डोळं थकलं आता,” अण्णा म्हणाले. “पोरगा पुण्यात, त्याला नको म्हणतो. दसरा झाला की सरकारजमा करून टाकतो.”

मी लातूरहून सणाला आले होते. तिथल्या कॉलेजात मी कविता शिकवते. अण्णांचा दुनळीवरचा हात मला दिसत होता. निरोप द्यायला आलेले लोक माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा. माझ्या तोंडून निघून गेले, “मला द्या.”

उदगीरची आत्या पोटभर हसली. “आगं, बंदूक घेऊन तू काय करशील? यमक जुळंना म्हणून पोरांवर रोखशील का?”

अण्णा हसले नाहीत. “नवमीला नळीतून दिवा दिसू दे. दिसला तर परवान्याचा अर्ज हिच्या नावानं. न्हाई दिसला तर ठाण्यात.”

त्या क्षणापासून घरातला प्रत्येक जण तेलाचा जाणकार झाला. आत्याचे मत खोबरेलाचे: “केसाला चालतंय, लोखंडाला का न्हाई?” चुलत्यांनी डिझेल सुचवले, कारण ते प्रत्येक गोष्टीला डिझेलच सुचवतात. माय म्हणाली, “करडई वत अजून थोडी. कोरडी पडली आसंल बिचारी.”

लातूरला परतण्याआधी मी वाट वाकडी करून नांदेडला गेले, बंदुकांच्या दुकानातून नळी धुण्याचे एक द्रावण आणि बंदुकीच्या तेलाची डबी घेतली. लातूरला येऊन गच्चीवर स्टीलच्या ताटल्या मांडल्या. एकीत करडई, एकीत खोबरेल, एकीत तीळ, एकीत शिलाई मशीनचे तेल, एकीत डबीतले. प्रत्येकाचे बोटाने पातळ सारवण. रोज कॉलेजला जाण्यापूर्वी मी एकेकाला बोट लावून पाही. करडई आधी रेशीम होती. मग मध झाली. मग तिच्यावर दुधासारखी साय धरली, आणि शेवटी ती इतकी घट्ट झाली की नखाने खरवडावी लागली. खोबरेल गार पहाटे पांढुरके होऊन गोठे आणि उन्हात पुन्हा शरण येई. मशीनचे आणि डबीतले तेल मात्र होते तसेच राहिले, निवांत, ओले.

मी गच्चीवर इतक्या मोठ्याने हसले की कठड्यावरची कबुतरे उडाली. दुनळी गंजली नव्हती! माझ्या आईने तिला भक्तिभावाने चिकटवून टाकले होते.

“माय,” मी फोनवर म्हणाले, “तू बंदुकीला वार्निश केलंस.”

“मी? मी नुसतं तेल लावलं!”

“दरवर्षी लावलंस.”

“देवाचं तेल कसं चिकटंल गं?”

“समई चिकटत नाही का? दर सणाला चिंच लावून घासतेस ना?”

“व्हय की.” आणि लगेच, उत्साहाने, “मंग बंदुकीलाबी चिंच लावू का?”

“माय, नको! हात लावू नकोस!”

आंबटाने लोखंड खाल्ले असते. आता वाळलेली करडई विरघळवायची कशाने? पेट्रोल उतावळे, एक ठिणगी पुरते. रॉकेल चालले असते, पण रेशनच्या दुकानातून ते केव्हाच नाहीसे झाले. मी टर्पेंटाइन निवडले. ते हळू काम करते, पण रुसलेल्याची समजूत काढावी तसे आत शिरत जाते.

अष्टमीच्या सकाळी गावी अंगणात पोते अंथरले. चूल बंद, उदबत्ती बंद. “नवरात्रात उदबत्ती इझवायची?” म्हणत मायने ती विझवली. उघडत नाही तोवर भरलेलीच समजायची, हा अण्णांचा नियम. म्हणून त्यांनी स्वतः दुनळी धरली, तोंड मातीच्या ढिगाकडे. मी बिजागरीत आणि खटक्यापाशी थेंब सोडत गेले. थेंब, धीर, चिंधी. पुन्हा थेंब. वाळलेल्या तेलाचे तपकिरी अश्रू आले, आणि त्यांत लाली होती. कितीतरी दसऱ्यांचे कुंकू आत जाऊन बसले होते.

टक्.

ती उघडली. दोन्ही नळ्या रिकाम्या. आत्याने टाळी वाजवली, चुलत्यांनी डिझेलची आठवण काढली, मायने दोन्ही हातांनी दुनळीची दृष्ट काढली.

मग मी केळ्यांच्या वासाचे ते द्रावण नळीत सोडले, बारुदाची जुनी काजळी काढण्यासाठी, आणि सारे अंगण अर्धापूरचा बाजार झाले. ब्रश, चिंधी, पुन्हा चिंधी. काळी, राखी, मग मोगऱ्यासारखी पांढरी. शेवटी डबीतल्या तेलाचा इतका झिरझिरीत हात, की दिसू नये, नुसता असावा. दस्त्याच्या लाकडाला जवसाचे तेल तळव्याने चोळले. तेही करडईसारखेच वाळते. लोखंडाला जे जाचले, ते लाकडाला मानवते! हे उमगले तेव्हा मी पोत्यावर बसल्याबसल्या डोलू लागले. “वास चढला हिला,” आत्या म्हणाली.

नवमीला चिंध्या लांब बांधावर वाळत होत्या, घरात वासाचा मागमूस नव्हता, आणि समई लागली. माय सवयीने करडईची वाटी घेऊन दुनळीकडे वळली. हात मध्येच थांबला. तिने वाटी समईत ओतली, आणि हळद-कुंकू दुनळीऐवजी तिच्या पाटाला वाहिले.

अण्णांनी दुनळी उघडली. एका नळीला डोळा लावला, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या. माझा श्वास कुठेतरी झेंडूत अडकला होता.

“अण्णा, दिसतोय का?”

उघडी दुनळी त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर धरली. आत वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी वर्तुळ, चकाकत्या पोलादाची लाटच लाट, आणि त्या साऱ्यांच्या टोकाशी एक इवलीशी सोनेरी ज्योत नाचत होती. मला गरगरले. मी दुनळी पुन्हा पाटावर ठेवायला जागा केली, झेंडू बाजूला सारले. पण अण्णा पाटाकडे वळलेच नाहीत. त्यांनी ती दोन्ही तळव्यांवर आडवी घेतली, तान्हे मूल मांडीवर द्यावे तशी माझ्यापुढे केली आणि म्हणाले,

“घे.”