डाव्या हाताचे फराटे

भिजत घातलेल्या शेंगदाणा पेंडीचा आंबट वास आला की मी अजून अस्वस्थ होतो. अंबरनाथच्या कारखान्यात नवा अधिकारी होतो तेव्हा गेस्ट हाऊससमोरचं लॉन माझ्याकडे होतं. बुवापाड्याहून येणारे माळीकाका, मूळचे शेतकरी, पिंपात पेंड, शेण आणि गूळ कालवून ते पाणी हिरवळीला द्यायचे. मोठ्या साहेबांची पाहणी पाच दिवसांवर आली तरी गवत फिकटच. "काका, होणार का हिरवं?" मी दिवसातून तीनदा विचारायचो. "साहेब, आपण गवताला नाय, मातीला जेवू घालतोय. ती सावकाश जेवते." मला कुठला धीर! एका पहाटे, काका यायच्या आत, मी मुठीमुठीनं युरिया फेकला आणि पाणीही न मारता सटकलो. साहेब आले त्या सकाळी हिरवळीवर जळके, पिवळे फराटे होते, सगळे एकाच अंगाला वळलेले. काका उकिडवे बसून त्यांवरून बोट फिरवत होते. जन्मभर हातानं बी फेकलेला माणूस तो. त्यांनी वर पाहिलं ते थेट माझ्या डाव्या हातातल्या पेनाकडे. "कोणी केलं हे?" साहेब कडाडले. "पेंड जास्त झाली, साहेब. चूक माझी," काका म्हणाले. मी पेन खिशात सरकवलं, आणि काकांची रवानगी भंगार यार्डात झाली. आता बदलापुरात माझ्या दारापुढे वीतभर हिरवळ आहे. पेंडीचं पाणी मीच घालतो. डावखुरा असून उजव्या हातानं का, असं घरचे विचारतात. मी म्हणतो, सवय.